कृत्रिम पाय खुंटीवर राहू नये म्हणून: पाय कापल्यानंतर शरीर हलते ठेवण्याची तयारी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या मातीच्या गावांत फिरताना एक दृश्य मला वारंवार दिसले आहे. ओसरीच्या भिंतीवर ओळीने खुंट्या असतात. एकीवर दोराचे वेटोळे, दुसरीवर जुनी छत्री, तिसरीवर पोळ्याची झूल आणि चौथीवर कृत्रिम पाय. पायावर धूळ बसलेली असते, आत कोळ्याने जाळे विणलेले असते आणि ज्याचा तो पाय, तो माणूस खाली बाजेवर बसून सुपारी कातरत असतो. कारण विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते: "गुरुजी, पाय भेटला, पन चालाले कोनी शिकोलं नाही."

माझा उजवा पाय मोटारसायकलच्या अपघातानंतर गुडघ्याच्या चार बोटे खाली कापावा लागला, त्याला आता चौदा वर्षे झाली. एका शिबिरात मोजमाप झाले, संध्याकाळी पाय हातात आला, हार-नारळासह छायाचित्र निघाले आणि मी घरी आलो. त्यानंतर तो पाय अकरा महिने खुंटीवर होता. पाय चांगलाच होता. माझी कंबर आखडलेली होती, मांडीत जोर नव्हता आणि पहिल्या फोडानंतर काय करायचे हे ठाऊक नव्हते. कृत्रिम पाय केवळ टेकतो, चालवतात ते कंबर, मांडी, पोट आणि हात, ही गोष्ट मला उशिरा कळली. ज्याचा पाय नुकताच गेला आहे, त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हा क्रम लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक अट सांगतो. खाली दिलेला प्रत्येक टप्पा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आणि शक्य असेल तेथे फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करावा. ज्यांचा पाय मधुमेहामुळे किंवा रक्तवाहिन्या बंद झाल्यामुळे गेला आहे, त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतल्याशिवाय दम लागेल असा व्यायाम करू नये. पायाच्या रक्तवाहिन्या जशा बिघडतात, तशाच हृदयाच्याही बिघडलेल्या असू शकतात.

टाके असतानाच सुरू होणारे काम

पाय कापल्यानंतर उरलेल्या भागाला दवाखान्यात स्टंप म्हणतात. येथेही तोच शब्द वापरतो. पहिल्या काही आठवड्यांत स्टंपचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आखडणे. गुडघ्याखाली पाय गेला असेल तर गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, गुडघ्याच्या वर गेला असेल तर मांडी जांघेतून पुढे व बाहेर वळून आखडते. गुडघा पंधरा-वीस अंशांपेक्षा अधिक वाकून बसला की त्यावर सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप आत बसतो तो पोकळ भाग, बसवणे अवघड होते, आणि आखडलेला सांधा मोकळा करणे हे तो आखडू न देण्यापेक्षा कितीतरी पटीने कठीण असते.

यात आपल्याकडची दोरीची बाज फार घात करते. ती मधोमध खोल गेलेली असते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची कंबर आणि गुडघा रात्रभर वाकलेले राहतात. वरून मायेने कोणीतरी स्टंपखाली उशी ठेवते. माझ्या आईनेही ठेवली होती आणि मला बरेही वाटले होते. त्या बरे वाटण्याची किंमत पुढे सहा महिने मोजली. म्हणून फळ्यांचा दिवाण किंवा पलंग वापरावा, तो नसेल तर बाज घट्ट विणून घेऊन वर फळी आणि पातळ गादी टाकावी. स्टंपखाली, गुडघ्याखाली किंवा दोन मांड्यांच्या मध्ये उशी ठेवू नये. बाजेच्या कडेवरून स्टंप लोंबकळत ठेवून बसू नये, आणि खुर्चीवर बसताना शेजारच्या स्टुलावर फळी ठेवून गुडघा सरळ ठेवावा.

त्याबरोबर दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, पालथे झोपावे. स्टंप सरळ, दोन्ही मांड्या जवळजवळ, आणि तोंड चांगल्या पायाच्या बाजूला वळवलेले. ज्यांना पालथे झोपल्यावर श्वास लागतो, त्यांनी पाठीवर उताणे झोपून चांगला गुडघा दोन्ही हातांनी छातीशी ओढावा आणि स्टंप गादीवर दाबून सपाट ठेवावा. करायला अगदी सोपी असल्यामुळेच बहुधा ही गोष्ट सगळ्यांत आधी सोडून दिली जाते.

सूज उतरून स्टंपला निमुळता आकार यावा म्हणून क्रेप बँडेज बांधतात. गुडघ्याखालच्या स्टंपला चार इंची, वरच्याला सहा इंची पट्टी लागते. पट्टी तिरकी, मराठी चारच्या आकड्यासारखी एकमेकांना छेद देत न्यावी. टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. गोल गोल गुंडाळलेली पट्टी दोरीसारखी आवळते आणि टोकाला सूज वाढवते. दर चार ते सहा तासांनी ती सोडून त्वचा पाहून पुन्हा बांधावी. ठणका लागला किंवा टोक काळेनिळे दिसले तर तत्काळ सोडावी. घरातील एका माणसाने ही बांधणी दवाखान्यातून निघण्यापूर्वी परिचारिकेसमोर स्वतः करून दाखवावी. नुसते पाहून ती येत नाही.

अंथरुणावरचे व्यायाम

टाके निघेपर्यंत, म्हणजे सहसा दोन ते तीन आठवडे, आणि त्यानंतर कृत्रिम पाय मिळेपर्यंतच्या काळात बहुतेक माणसे वाट पाहण्याखेरीज काही करत नाहीत. जखम नीट भरली तर साधारण दीड ते तीन महिन्यांत पायाचे मोजमाप होते. हा काळ वाया गेला की मांडी डोळ्यांदेखत बारीक होते.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर पुढील हालचाली सकाळ-संध्याकाळ कराव्यात, प्रत्येकी दहा वेळा, आणि जमू लागल्या की दहा-दहाच्या तीन फेऱ्या. उताणे झोपून गुडघ्याखालच्या स्टंपच्या टोकाजवळ पंच्याची गुंडाळी ठेवावी आणि गुडघा खाली दाबून मांडीचा पुढचा स्नायू पाच अंक मोजेपर्यंत कडक ठेवावा. मग चांगला गुडघा उभा करून स्टंप सरळ ठेवत वीतभर वर उचलावा. मग गोधडीची जाड गुंडाळी मांडीखाली ठेवून, तिच्यावर स्टंप दाबत कंबर अंथरुणापासून वर उचलावी. याने नितंबाचा स्नायू कामाला लागतो. शेवटी पालथे होऊन स्टंप सरळ मागे उचलावा. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांनी दोन मांड्यांत उशी धरून दाबण्याचा व्यायामही करावा. येथे उशी चालते, कारण दाबून झाली की ती काढून ठेवायची असते. श्वास मात्र कुठेही रोखू नये, मोठ्याने अंक मोजले की तो आपोआप चालू राहतो.

या सगळ्यांत एक हालचाल मी सर्वांत वर ठेवीन. चांगल्या पायाच्या कुशीवर झोपावे, खालचा गुडघा थोडा वाकवावा आणि वरचा स्टंप छताकडे सरळ उचलून सावकाश खाली आणावा. उचलताना तो पुढे जाता कामा नये. पुढे गेला की काम दुसराच स्नायू करतो. कमरेच्या बाजूचा हा स्नायू दुबळा असेल तर कृत्रिम पायावर भार येताच माणूस त्या बाजूला झुकतो, आणि मग लोक म्हणतात की पाय आखूड बनवला. पाय आखूड असतोही कधीकधी, पण आधी हा स्नायू तपासावा.

हातांसाठी वेगळे साहित्य लागत नाही. सपाट ठेवलेल्या दोन विटांना फडके गुंडाळून त्या जमिनीवर कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात आणि तळव्यांनी दाब देऊन बसल्या जागी अंग वर उचलावे. कुबड्यांवर चालताना नेमका हाच जोर लागतो. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणेही पुरेसे आहे.

एका पायावर उभे राहणे, आणि न पडणे

पहिल्याच महिन्यात एका पहाटे मी लघवीला उठलो आणि झोपेच्या गुंगीत नसलेला पाय आधी जमिनीवर टेकवला. मेंदूला तो पाय अजून तेथेच आहे असे वाटत होते. मी थेट स्टंपवर आपटलो, टाके उसवले आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेलो. हे फार जणांचे होते. म्हणून चांगल्या पायाच्या बाजूला, हात पोहोचेल अशा जागी कुबड्या आणि टॉर्च ठेवावी. उठताना आधी बसावे, स्टंपला हाताने स्पर्श करावा आणि मगच उभे राहावे. शेणाने सारवलेली ओली जमीन, उंबरठा आणि न्हाणीजवळचा शेवाळलेला दगड या तीन जागा घरच्यांनी आधी नीट कराव्यात, आणि न्हाणीत व शौचालयात भिंतीला लोखंडी नळीची मूठ पक्की बसवून घ्यावी.

उभे राहण्याचा सराव ओसरीच्या खांबाला धरून करावा, मागे भिंतीला टेकवलेली खुर्ची असावी. आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग नुसती बोटे टेकवून. तीस अंक मोजेपर्यंत स्थिर राहता आले की खांबाला धरूनच टाच उचलण्याचा व्यायाम जोडावा. उड्या मारत घरभर फिरण्याची सवय मात्र लावू नये. तरुणांना ती सोपी वाटते, पण एकुलत्या एका पायाच्या तळव्यावर आणि गुडघ्यावर तिचा मार बसतो.

कुबड्यांची उंची अशी असावी की काखेत आणि कुबडीच्या वरच्या आडव्या पट्टीत दोन-तीन बोटांचे अंतर राहील आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असेल. भार तळहातावर घ्यायचा असतो. काखेवर लोंबकळल्यास तेथील नस दबून हाताला मुंग्या येतात. खालचे रबरी टोपण गुळगुळीत झाले की त्याच दिवशी बदलावे, कारण ओल्या फरशीवर ते साबणासारखे घसरते.

पाय हातात आल्यानंतर

आपल्याकडे बहुतेकांना मिळतो तो जयपूर फूट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. रबराचे पाऊल घोट्यात बऱ्याच दिशांना वाकते, त्यामुळे गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस अनवाणी चालू शकतो, सरावाने उकिडवा बसू शकतो आणि चिखलात उतरू शकतो. आपल्या कामाला तो योग्य आहे, असे माझे मत आहे. मात्र पाय ज्या टाचेच्या उंचीवर जुळवला, त्याच उंचीची चप्पल किंवा बूट पुढेही वापरावा. उंच टाच घातली की गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणूस विनाकारण पायाला दोष देतो.

पहिल्या दिवशी पाय फक्त पंधरा ते तीस मिनिटे घालावा, तोही बहुतांश बसून आणि थोडा उभे राहून. काढून त्वचा पाहावी. ठीक असेल तर दररोज साधारण अर्धा तास वाढवावा. पहिल्याच दिवशी लग्नाला पाय घालून जाणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा कुबड्यांवर दिसतात.

चालण्याआधी शिकायचे ते भार देणे. यासाठी अंगणात दोन समांतर बांबू बांधून घ्यावेत: लांबी दहा फूट, मधले अंतर सुमारे दोन फूट, उंची हात सोडल्यावर मनगटाशी येईल इतकी. खांब दीड-दोन फूट खोल पुरावेत आणि बांबूवरची कुसळे तासून घ्यावीत. या बांबूंमध्ये उभे राहून वजन डावीकडून उजवीकडे, मग पुढे-मागे न्यावे.

किती भार पडतो हे मनाला कळत नाही, म्हणून मी एक युक्ती केली होती. गावातील कापूस खरेदी करणाऱ्याकडे प्लॅटफॉर्मचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची फळी विटांवर ठेवली, चांगला पाय फळीवर आणि कृत्रिम पाय काट्यावर ठेवून उभा राहिलो आणि दोन्ही बाजूंनी माणसे धरायला ठेवली. माझे वजन साठ किलो. दोन्ही पायांवर सारखा भार असता तर आकडा तीसवर यायला हवा होता. मला वाटत होते की मी अगदी सरळ उभा आहे, आणि काटा अकरा दाखवत होता. मग तो आकडा पाहत पाहत पंधरा, वीस, पंचवीस असे वाढवत नेले. नऊ दिवसांत तीस आला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात चालणे आपोआप सुधारले. ज्यांच्या गावात काटा आहे, त्यांनी हे जरूर करून पाहावे.

भार जमला की कृत्रिम पायावर उभे राहून चांगला पाय समोरच्या पाटावर ठेवावा आणि पुन्हा खाली घ्यावा, सावकाश, दहा वेळा. चांगला पाय धाडकन आपटत असेल तर कृत्रिम पायावर अजून विश्वास बसलेला नाही असे समजावे. त्यानंतर बांबूंमध्ये चालणे, आडवे चालणे, मागे चालणे. पावले दोन्ही बाजूंना सारखी पडतात का, हे सारवलेल्या अंगणात राखेचे पट्टे ओढून किंवा मोबाइलवर चित्रीकरण करून पाहता येते. बांबू सोडल्यावर दोन कुबड्या, मग एक काठी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची असते. ती कृत्रिम पायाच्या बाजूला धरणे ही मला सर्वांत जास्त दिसलेली चूक आहे. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना कृत्रिम पाय आणि काठी आधी खाली. हा क्रम एसटीत चढता-उतरतानाही उपयोगी पडतो.

पडल्यावर उठणेही मुद्दाम शिकावे, गोधडी अंथरून आणि शेजारी माणूस ठेवून. पालथे व्हावे, हातांवर आणि गुडघ्यांवर यावे, बाजेपर्यंत सरकावे, तिच्यावर हात रोवावेत, चांगले पाऊल पुढे टेकवावे आणि त्यावर उठावे. आपण एकटे असताना पडलो तरी उठू शकतो हे कळले की पांदणीने एकट्याने जाण्याची भीती निम्मी होते.

त्वचा, मोजे आणि सैल होणारे सॉकेट

पाय काढल्यावर त्वचेवर लाली दिसणारच. ती पंधरा-वीस मिनिटांत गेली पाहिजे. त्याहून अधिक टिकली, एकाच हाडाच्या टोकावर दिसली किंवा त्या जागी दुखत असेल, तर सॉकेट तेथे रुतत आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे लहान हाडाचे डोके, नडगीची धार आणि स्टंपचे टोक या जागा भार सहन करीत नाहीत. स्टंपचा खालचा भाग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हातात लहान आरसा घेऊन रोज संध्याकाळी पाहावा.

पहिले सहा महिने ते वर्षभर स्टंप बारीक होत राहतो. सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी सैल होतो, स्टंप आत खोल जातो आणि टोकावर मार बसतो. अशा वेळी स्टंपवर घालायचा मोजा वाढवायचा असतो: एक पातळ मोजा खिशात ठेवून दुपारी पाय काढून तो चढवावा, सुरकुती राहू देऊ नये. मोज्यांचे थर चढवत चढवत मोठी जाडी झाली तरी पाय सैलच राहत असेल, तर नवे सॉकेट करून घ्यावे. माझा पाय खुंटीवर गेला त्याचे हेही एक कारण होते. मला कोणी सांगितलेच नव्हते की पहिले सॉकेट फार काळ पुरत नाही, आणि मी समजत होतो की आपलाच स्टंप खराब आहे.

स्टंप रोज रात्री सौम्य साबणाने धुवावा आणि पूर्ण कोरडा करावा. तेल लावायचे असेल तर रात्रीच. सकाळी तेल लावून पाय घातला की त्वचा मऊ पडून सोलते. हळद, चुना, शेण यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. फोड आला, पू दिसला किंवा ताप आला तर पाय घालणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. पाय बंद, पण व्यायाम चालू: त्या काळात पालथे झोपणे आणि कुशीवरची हालचाल थांबवली नाही तर जखम भरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. बहुतेक जण येथेच सगळे सोडतात.

नसलेल्या पायाची बोटे दुखणे, खाजणे, मुरगळल्यासारखी वाटणे हे खरे दुखणे आहे. ते वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. स्टंपला हळूहळू चोळणे, बोटांनी थोपटणे, बँडेज बांधणे यांनी अनेकांना उतार पडतो. चांगल्या पायासमोर आरसा उभा धरून त्याची हालचाल पाहण्याची पद्धत न्यूरोशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणली. रोज पंधरा मिनिटे ती करून पाहायला खर्च नाही. झोप उडत असेल तर यावर औषधेही आहेत, ती डॉक्टरांकडून घ्यावीत.

खांब मोजत चालणे

कृत्रिम पायाने चालायला अधिक शक्ती लागते. गुडघ्याखाली पाय गेलेल्याला त्याच अंतरासाठी साधारण २५ ते ४० टक्के जास्त, तर गुडघ्याच्या वर गेलेल्याला ६० टक्क्यांपासून थेट दुपटीपर्यंत. म्हणून चार पावलांत दम लागला तर तो आळस समजू नये. अंतर कमी ठेवावे आणि ते नियमाने वाढवावे.

मी विजेचे खांब मोजत असे. पहिल्या आठवड्यात एका खांबापर्यंत जाऊन परत, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्वचेवर डाग नाही आणि कंबर दुखत नाही असे सलग तीन दिवस गेले की आणखी एक खांब. डाग दिसला तर एक खांब मागे. या हिशेबाने शाळा, जी माझ्या घरापासून सोळा खांबांवर आहे, मला पाचव्या महिन्यात गाठता आली. वेग असा असावा की चालताना बोलता येईल, पण भजन म्हणता येणार नाही. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धाप न थांबणे असे झाले तर तेथेच बसावे आणि दवाखाना गाठावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार अपंगत्व असलेल्या प्रौढांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले सहा दिवस, रोज पंचवीस मिनिटे. ती दहा-दहा मिनिटांत तोडली तरी चालतात. गुडघ्याखाली पाय गेलेल्यांसाठी सायकल उत्तम. सुरुवात स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलवर, कोणीतरी हँडल धरलेले असताना करावी, आणि कृत्रिम पाऊल पॅडलवरून सुटू नये म्हणून सैलसर पट्टा लावावा.

शेत, चिखल आणि मे महिना

शेतात पहिला पावसाळा टाळावा. काळी माती ओली झाली की पाऊल धरून ठेवते. चांगला पाय ओढून निघतो, कृत्रिम पाय मात्र सॉकेटमधून सुटून चिखलातच राहतो. मुरूम टाकलेली पांदण आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, यांवरूनच जावे. वखरलेल्या रानात तासांच्या, म्हणजे वखराच्या ओळींच्या, दिशेने चालावे, आडवे चालल्यास प्रत्येक पावलाला उंचसखलपणा येतो. एप्रिल-मेमध्ये याच मातीला भेगा पडतात आणि रबरी पाऊल त्यांत अडकते, तेव्हा काठी हवीच.

कामाची निवडही विचारपूर्वक करावी. निंदण करताना पाट किंवा बुटके स्टूल घेऊन बसत पुढे सरकावे. कापूस वेचताना ओटी एका बाजूला भरत गेली की तोल त्या बाजूला जातो, म्हणून ती वरचेवर रिकामी करावी. पाठीवरचा फवारणीपंप मी कोणालाच सुचवणार नाही: भरल्यावर तो वीस किलोच्या आसपास जातो, आणि अंगावर उडालेले औषध मोज्यात मुरून दिवसभर त्वचेला लागून राहते.

आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाय गेल्यामुळे घाम सोडणारी त्वचा कमी होते आणि चालण्याचे श्रम वाढलेले असतात, त्यामुळे अंग लवकर तापते. सॉकेटमध्ये घाम साचून पाय सटकू लागतो. त्या दिवसांत चालणे पहाटे उरकावे, दर दोन तासांनी पाय काढून स्टंप आणि लाइनर (सॉकेटच्या आतले मऊ आवरण) पुसावे, सुका मोजा चढवावा आणि पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. हात थरथरणे, दरदरून घाम आणि गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत, आणि उन्हाळ्यात ती उन्हाची समजून अंगावर काढली जातात.

ज्यांना चालणे जमणार नाही, आणि मुले

हृदयविकार असलेल्या, गुडघ्याच्या वर पाय गेलेल्या सत्तरीच्या माणसाला कृत्रिम पायाचा हट्ट धरायला लावणे मला योग्य वाटत नाही. त्याला हाताने चालवायची तीनचाकी सायकल द्यावी. दंड आणि छाती कामाला लागतात आणि तो पारावर चार माणसांत जाऊन बसतो. बॅटरीवरची तीनचाकी सोयीची असते, पण तिच्यात बसून व्यायाम होत नाही हे लक्षात ठेवावे.

मुलांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे करावे. शाळेत अशा मुलाला खेळाच्या तासाला वर्गात दप्तरे राखायला बसवतात. मी स्वतः पूर्वी तसे केले आहे. २०१५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गमावलेल्या सुमित अंतिलने टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये भालाफेकीचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०११ मध्ये मुंबईतील अपघातात पाय गमावलेली मानसी जोशी २०१९ मध्ये पॅरा-बॅडमिंटनची विश्वविजेती झाली. पन्नाशीच्या शेतकऱ्याला हे मोजमाप लावण्यात अर्थ नाही, पण दहा वर्षांच्या मुलाला या गोष्टी ठाऊक असाव्यात. वाढत्या वयात पाय दर वर्षी, कधी त्याआधीही, लहान पडतो. मूल लंगडू लागले की आधी उंची मोजावी.

चांगला पाय आणि खर्रा

आता सारा भार ज्याच्यावर आहे, तो दुसरा पाय. मधुमेही माणसाने रोज त्याचा तळवा आणि बोटांमधली जागा आरशात पाहावी, घरातही चप्पल घालावी, भाजणारी वाळू किंवा गरम पाण्याची पिशवी त्याला लावू नये. कुरूप स्वतः ब्लेडने कापू नये. शेतात बूट घालावेत. काटा, विंचू आणि साप यांच्यासाठी आता एकच पाय उरला आहे, असे मी गमतीने म्हणतो, पण ते खरेच आहे.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-चुन्यात घोटलेली तंबाखू. तंबाखू चघळा किंवा विडीतून ओढा, ती रक्तवाहिन्या आवळतेच. विडी ओढणाऱ्या तरुणांत पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून आधी बोटे आणि मग पाय जाण्याचा एक आजारच आहे, आणि त्यात तंबाखू सुटली नाही तर दुसरा पायही जाऊ शकतो. तोंडात खर्रा ठेवून व्यायाम विचारणाऱ्याला मी आधी तो थुंकायला लावतो.

कागद आणि पायाची निगा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खालील लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, लागते. ते करून घेतल्यास एसटीत सवलत मिळते आणि दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कुबड्या, तीनचाकी किंवा कृत्रिम पाय मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत हा खर्च कुठे झाला ते विचारावे आणि शाळेला, दवाखान्याला उतार व कठडे मागावेत. पाय घेताना दोन गोष्टी तेथेच विचाराव्यात: चालण्याचे शिक्षण किती दिवस मिळेल, आणि सॉकेट सैल झाले तर यायचे कुठे.

सॉकेट आतून रोज ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. पट्ट्यांचे रिव्हेट आणि घोट्याजवळचा बोल्ट महिन्यातून एकदा पाहावा. चालताना नवा आवाज आला तर त्याच दिवशी. रबरी पाऊल तळाशी चिरले तर पाणी आत जाण्यापूर्वी बदलून घ्यावे. रात्री मात्र पाय जमिनीवर ठेवू नये, कारण घामाचा वास असलेला लाइनर उंदीर एका रात्रीत कुरतडतात. माझा एक असाच गेला. रात्रीपुरती खुंटीच बरी, फक्त ती अंथरुणावर बसल्या बसल्या हात पोहोचेल इतक्या खाली ठोकावी.